धूर बंद : दुसरी पाळी

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

मेंटेनन्स खात्यात आमचं एक ब्रेकडाऊन रजिस्टर असतं. तारीख, मशीन, काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं, किती वेळ बंद होतं. सातारा एमआयडीसीत सतरा वर्षं मी ते भरतोय. आज घरच्या वहीत तेच रकाने आखले. मशीनच्या रकान्यात स्वतःचं नाव घालताना हसू आलं, पण घातलं.

पहिली नोंद मागच्या तारखेची आहे. सिगारेट १ जूनला सोडली होती. ३१ मेला कंपनीत तंबाखूविरोधी दिनाची शपथ होते, दरवर्षीच होते, यंदा ती मी मनावर घेतली. १६ सप्टेंबरला मोजले तर १०८ दिवस भरले होते. जपाच्या माळेएवढे. जप करणारी माणसं मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. मी दुसऱ्याच दिवशी ओलांडला.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी, रात्री साडेअकरा. मिरवणूक मोती चौकात तुंबलेली. मंडळाचं दहा दिवसांचं काम संपल्यात जमा होतं, अंग गुलालाने आणि घामाने चिकट झालं होतं. शाळेतला एक मित्र पुण्याहून आला होता. त्याने न विचारता दोन पेटवल्या आणि एक माझ्या हातात दिली. डीजेच्या आवाजात मी 'नको' म्हटलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. पण मी म्हटलंच नाही.

घोटाळा त्या एका सिगारेटने झाला नाही. तो झाला दुसऱ्या दिवशी सकाळी. फोनमध्ये दिवस मोजायचं ॲप होतं, त्यात मीच प्रामाणिकपणे बटण दाबलं आणि १०८ चं शून्य झालं. शून्यच आहे म्हटल्यावर आज ओढली काय अन् उद्या ओढली काय! गेटबाहेरच्या टपरीवर 'एक सुट्टी दे' म्हणालो. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याने डबा उघडून दिली. चौथ्या दिवसापासून पाकीट. रोजच्या बारा सिगारेटींवर परत.

बंद वेळ : ११ दिवस.

आज ॲप काढून टाकलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत, घटस्थापना होऊ दे. त्यांना काय माहीत, हे माझं आधीच मनात करून झालं होतं. पितृपक्ष संपू दे, मग घट बसू देत, मग एकदम दसऱ्यालाच, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. असं ढकलत दिवाळी आली असती. काकूंना म्हटलं, सुरू नाही करत, बंद करतोय. बंद करायला मुहूर्त कशाला?

२९ सप्टेंबर, रविवार

अजिंक्यताऱ्यावर गेलो. पायथ्याच्या एका ठरलेल्या झाडापासून वरच्या दरवाजापर्यंत घड्याळ लावून. हे जूनपासून लिहून ठेवतोय.

जूनचा पहिला रविवार : ३८ मिनिटं, तीन ठिकाणी थांबून.
सप्टेंबरचा पहिला रविवार : २९ मिनिटं, न थांबता.
आज : ३१ मिनिटं. एकदा थांबलो.

तीनदा पाहिलं. ॲपचं खरं असतं तर आज ३८ लागायला हवी होती. काही छातीचा फोटो काढलेला नाही, जूनमध्ये ऊन होतं आणि आज ढग होते, हेही आहे. तरी १०८ दिवसांची सात मिनिटं अजून माझ्या पायांत शिल्लक आहेत. दोन मी अकरा दिवसांत घालवली. हिशोब हा असा आहे.

मंगळाईच्या देवळापाशी बसलो. धुकं फाटलं की समोर यवतेश्वरचा घाट दिसत होता, पुन्हा झाकत होता. एरवी इथे पोचल्यावर पहिली आठवण कशाची यायची ते सांगायला नको.

३० सप्टेंबर, सोमवार

दिवस तिसरा. सगळ्यात वाईट दुसरा-तिसराच असतो, जूनमध्येही होता. चुकीचा पाना दिला म्हणून हेल्परवर ओरडलो. पाना बरोबर होता.

पोट साफ नाही. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवतो : पंधरा-सोळा वर्षं सकाळची सिगारेट हीच माझी रेचक गोळी होती. निकोटीन आतड्यांना ढोसतं, ते बंद झालं की आतडी रुसतात. जूनमध्ये केवळ याच कारणाने दोनदा माघार घेणार होतो. कोमट पाणी, रात्री इसबगोल, पेरू. पाच-सहा दिवसांत गाडी रुळावर येते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरी पाळी, सकाळ मोकळी. शेवटचं रिकामं पाकीट कचऱ्यात टाकताना त्यावरचा नंबर फिरवला. १८००-११-२३५६. तो २०१८ पासून पाकिटावर छापतात. म्हणजे सहा वर्षं मी दिवसातून बारा वेळा तो नंबर हातात धरत होतो.

मराठी बोलणाऱ्या ताई मिळाल्या. उपदेश करतील म्हणून तयारीत होतो, त्यांनी फक्त प्रश्न विचारले. मेंटेनन्सवाला विचारेल तसेच. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? दहा मिनिटांत. मागच्या वेळी काय घेत होतात? निकोटीनचं च्युइंगम. किती मिलिग्रॅम, किती दिवस, कसं चघळत होतात?

इथे पहिला दोष सापडला. मी २ मिलिग्रॅमचं घेत होतो, कारण ते चिठ्ठीशिवाय मिळतं. ज्याला उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागते त्याला ४ मिलिग्रॅमचं लागतं. शिवाय मी ते पोरांच्या बबलगमसारखं कचाकचा चावायचो, वर चहा प्यायचो, मग उचक्या लागायच्या, पोटात जळजळायचं. तीन आठवड्यांत कंटाळून सोडून दिलं होतं.

ताईंनी सांगितलेली पद्धत : सावकाश चावायचं, तिखट झणझण लागली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. झणझण गेली की पुन्हा चार वेळा चावायचं. अर्धा तास. निकोटीन गालातून शोषलं जातं, गिळलं तर नुसता पोटाला त्रास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नाही, त्याने शोषणच होत नाही. आणि हे तीन आठवडे नाही, आठ ते बारा आठवडे चालवायचं.

थोडक्यात, मागच्या वेळी पार्ट बरोबर होता, बसवला चुकीचा. आमच्याकडे असं झालं की मी ट्रेनीला फाडून खातो.

संध्याकाळी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली. व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन अशी गोळ्यांची औषधंही असतात, गरज पडली तर बघू म्हणाले.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री अमावस्या. गांधी जयंतीची सुट्टी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आली तीही २ ऑक्टोबरलाच, २००८ साली. त्या दिवशी मी बसस्टँडवर ओढत होतो हे पक्कं आठवतं, कारण शेजारचा माणूस पेपरमधली तीच बातमी वाचत होता.

सकाळी आईने यादी दिली. गवार, भोपळा, कारली, अळू, आमसुलं. शेवटी : बिडीबंडल एक.

नाना, म्हणजे वडील, २०११ मध्ये गेले. शेवटची तीन वर्षं दम. चार पायऱ्या चढले की ओट्यावर टेकायचे. आमच्या गावाकडे पितरांच्या पानाशेजारी त्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. कुणाच्या पानाशेजारी तंबाखूची पुडी, कुणाच्या शेजारी पान. नानांच्या शेजारी बिडी. दरवर्षी मीच आणतो आणि दरवर्षी घरात माझंही पाकीट असायचं, त्यामुळे त्यात काही वाटलं नाही. यंदा पाचव्या दिवशी ती यादी हातात आली आणि माझं टाळकं सरकलं.

"ज्या बिडीनं गेले तीच पुन्हा द्यायची?"

आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जित्तेपणी तू वढू दिली न्हाईस त्यास्नी. डागदरनं बंद केली, तू खिशातनं काढून घ्यायचास. आता तरी मिळूं दे की."

हे खरं होतं. मी नानांच्या खिशातून बिड्या काढून घ्यायचो आणि गच्चीवर जाऊन माझी सिगारेट पेटवायचो.

टपरीवर गेलो. अण्णांनी सवयीने माझी नेहमीची काढली. म्हटलं, बिडीबंडल द्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "पानाला व्हय?" आणि सिगारेट परत ठेवली. एवढंच. पण त्या माणसाला पंधरा वर्षांत मी कधी 'सोडली' असं सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंसा. चहाला येत जावा."

येताना बंडल खिशात नको म्हणून भाजीच्या पिशवीत टाकलं, अळूच्या पानांखाली. तरी वास येत होता. नानांच्या सदऱ्याचा वास. त्या वासाने तलफ आली की नानांची आठवण, ते मला सांगता येणार नाही. घड्याळ लावलं. चार मिनिटं. राजवाड्यापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत.

कावळ्याने वड्याला चोच लावली, भात उधळला, बिडी तिथेच राहिली. आई म्हणाली, उजेडात वढत नव्हतेच ते.

५ ऑक्टोबर, शनिवार

पैसे. एक १८ रुपयांची, दिवसाला १२, म्हणजे २१६. १०८ दिवसांचे २३,३२८. ते कुठे आहेत? कुठेच नाहीत. पेट्रोलमध्ये, भाजीत, कशात तरी विरघळले. वाचलेला पैसा दिसत नसेल तर तो वाचला असं मनाला पटत नाही.

आजपासून पतसंस्थेत पिग्मी. रोज २००. एजंट संध्याकाळी दारात येतो, हिच्याकडून घेतो, पावती देतो. मी ओढली तरी पिग्मी भरायचीच असं ठरलंय, तो दंड नाही. (एजंटच्या तोंडाला सिगारेटचा वास असतो. त्याला काय बोलणार, तो बिचारा उन्हातान्हात फिरतो.)

६ ऑक्टोबर, रविवार

आठवड्याचं रजिस्टर चाळलं. आज मुद्द्याचं काही सापडलं.

मला कोणी विचारलं की मी म्हणायचो, टेन्शनने ओढतो. मेंटेनन्सचं काम, लाईन बंद पडली की प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे. वहीत आठ दिवसांत जोरात आलेल्या तलफांच्या चौदा नोंदी आहेत. मशीन बंद असतानाच्या किती? दोन. मशीन चालू झाल्यावरच्या? नऊ. बाकीच्या जेवणानंतर.

म्हणजे मला टेन्शनमध्ये सिगारेट आठवतच नाही. तेव्हा हात तेलात असतात, डोकं सर्किटमध्ये असतं. काम उरकलं, मशीनने पहिला जॉब बरोबर काढला, सगळे पांगले की आठवते. सिगारेट ही माझी सही होती. काम पूर्ण, खाली सही.

विसर्जनाच्या रात्रीही तेच. दहा दिवस वर्गणी, मांडव, आरत्या, महाप्रसाद, यात एकदाही हात गेला नाही. काम संपलं आणि गेला.

बेअरिंग पुन्हापुन्हा जातंय म्हणून बेअरिंग बदलत राहायचं आणि शाफ्टचं अलाइनमेंट बघायचंच नाही, असं मी सतरा वर्षं केलं. टेन्शन कमी करा, प्राणायाम करा, सुट्टी घ्या. सगळं केलं. बिघाड तिथे नव्हताच.

आता काम संपल्यावर काय? ठरवलंय : च्युइंगम मशीन चालू करायच्या आधी तोंडात. मशीन चालू झालं की साबणाने हात कोपरापर्यंत धुवायचे, मग रजिस्टर जागेवरच भरायचं, खाली खरी सही. आधी रजिस्टर पाळीच्या शेवटी भरायचो.

९ ऑक्टोबर

झोप नाही. दोन-दोन वाजेपर्यंत टक्क. डॉक्टरांना फोन केला तर पहिला प्रश्न, चहा किती? सात कप. सिगारेट ओढणाऱ्याचं लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफीन लवकर निकालात काढतं, ते काम धुरातली द्रव्यं करतात, निकोटीन नाही. धूर बंद झाला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे माझे सात कप आता सात राहिले नाहीत. तीनवर आणतोय, पाचनंतर बंद. सिगारेटपेक्षा हे अवघड जातंय असं आत्ता तरी वाटतं.

१२ ऑक्टोबर

दसरा. मशीनला झेंडूच्या माळा. काही विशेष नाही. झोप लागते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ९

रात्रपाळी. लिहून मगच झोपतो.

मशीन : मी.
बिघाड : पहाटे ४.१०, अर्धी सिगारेट.

एका प्रेसचं हायड्रॉलिक प्रेशर बनेना. सील बदललं, रिलीफ व्हॉल्व्ह खोलला, पंपावर संशय घेतला. शेवटी सक्शनचा स्ट्रेनर (तेल गाळायची जाळी) काढला तर चिंध्यांनी गच्च. कोणीतरी टाकी पुसायचं फडकं आत सोडलेलं. चार तास गेले. ४ वाजता प्रेशर आलं, काट्याने वर उडी मारली, सगळे 'हे' करून ओरडले. बाहेर आलो. कंत्राटदाराचा फिटर ओढत होता, त्याने पुढे केली.

च्युइंगम दुसऱ्या पँटच्या खिशात होतं, लॉकरमध्ये. हात धुतले नव्हते. रजिस्टर भरलं नव्हतं.

चौथ्या झुरक्याला डोकं गरगरलं. निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं म्हणतात, ते आज कळलं. एरवी सवयीत जाणवत नाही. उरलेली बुटाखाली विझवली, आत जाऊन हात धुतले, लॉकरमधून च्युइंगम काढलं, रजिस्टर भरलं. ४.२५ झाले होते.

बंद वेळ : १५ मिनिटं.

हा आकडा लिहून मी बराच वेळ बघत बसलो. आमच्याकडे वरिष्ठ लोक मशीन किती वेळा बंद पडलं यावर बोंबलतात, पण दुरुस्तीला किती वेळ लागला तेही विचारतात. जुनी मशीनं बंद पडणारच. खातं चांगलं की वाईट हे त्या दुसऱ्या रकान्यावरून ठरतं. मागच्या वेळी ११ दिवस, आज १५ मिनिटं. १ जूनपासून आजवर १४६ दिवस, त्यातले १२ धुराचे, १३४ बिनधुराचे.

सातला घरी आलो आणि हिला सांगितलं. ही पोळ्या लाटत होती.

"अहो, मला सांगायची काय गरज? गणपतीनंतरचे ते अकरा दिवस तुम्ही सांगितलं होतंत का? शर्ट मीच धुते ना."

तेव्हा का बोलली नाहीस, असं विचारलं. म्हणाली, बोलले असते तर तुम्ही चोरून ओढायला लागला असता, मग सुटायला अजून वेळ गेला असता.

उपाय : च्युइंगमची एक पट्टी टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या कप्प्यात. खिशावर भरवसा नाही. हेल्परला सांगून ठेवलंय, काम संपलं की मला आधी हात धुवायला पाठव. तो लाजला. म्हटलं, ओरड माझ्यावर. एक उधारी बाकी आहे तुझी.

२ नोव्हेंबर, पाडवा

पुण्याचा मित्र फराळाला आला. गच्चीवर गेलो, त्याने दोन काढल्या. म्हटलं, एकच. तो म्हणाला, सुटली तुझी? म्हटलं, दुरुस्ती चालू आहे. मग तोही अर्ध्यावर विझवून चकली खात बसला.

१७ नोव्हेंबर, रविवार

अजिंक्यतारा २८ मिनिटं. दोन किलो वजन वाढलेलं असताना. चिवडा-लाडवांचंही त्यात आहे, सगळं धूम्रपान सोडण्याच्या माथी मारत नाही.

च्युइंगम दिवसाला नऊवरून चारवर. तलफांच्या नोंदी या आठवड्यात तीन, तिन्ही काम संपल्यावरच्या. उद्यापासून पुन्हा रात्रपाळी आहे. टूलबॉक्स बघून ठेवायचा.

दुपारी आईची ट्रंक उघडली. भाचीच्या लग्नाला नेसायची पैठणी शोधायची होती. लुगड्यांच्या घड्या, डांबराच्या गोळ्या, नानांचा फेटा, आणि फेट्याच्या आत गुंडाळलेलं बिडीबंडल. सर्वपित्रीचं. मला वाटलं होतं आईने ते तेव्हाच बंबात टाकलं असेल.

"हे कशाला ठेवलंस?"

"फुडच्या साली लागंल की पानाला. परत टपरीवर कशाला जातूस."

मोजल्या. २३. वहीत मागच्या पानावर साठा म्हणून नोंद केली : बिडी, २३ नग, ट्रंकेत, किल्ली आईकडे.